हाताचे माप

दरवर्षी मार्चअखेर, शिल्लक अनुदान परत जाऊ नये म्हणून लहानमोठ्या सर्व कचेऱ्यांतून खरेदीची धांदल उडालेली असते, त्या सुमारास मी ज्या कचेरीत गेली बावीस वर्षे कोशाच्या संपादनाचे काम करीत आहे तेथेही पुठ्ठ्याचे एक खोके येते, आणि त्यातून एका रंगाचे, एका वजनाचे व एकाच आकाराचे ४० माऊस निघतात. भांडारपाल ते मोजून घेतो, नोंदवहीत त्यांची नोंद करतो, शिपाई दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाटेबलांवर ठेवून जातो, आणि कोणाच्या हाती काय आले हा प्रश्न कचेरीच्या दृष्टीने तेथेच निकालात निघतो. दरपत्रके रीतसर मागविलेली असतात, त्यांतील किमान दराचे स्वीकारलेले असते, व्यवहारात कोठे गैर असे काही नसते. मात्र त्या टेबलांमागे बसणाऱ्या माणसांचे हात एका साच्यातून निघालेले नाहीत, ही गोष्ट त्या सर्व कागदपत्रांत कोठेही नमूद नसते.

आमच्या अक्षरजुळणी विभागातील ताईंचा हात मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६ सेंटिमीटर भरतो, आणि त्यांच्या शेजारी बसून नकाशे व आकृत्या काढणाऱ्या सहकाऱ्याचा साडेवीस. एकाच नमुन्याचा माऊस दोघांपुढे आला म्हणजे ताईंना तर्जनी पुरेशी पोहोचविण्यासाठी तळहात पुढे सरकवून मनगट ताठ धरावे लागते, आणि त्या सहकाऱ्याला पंजा आखडून, बोटे चिमटीसारखी वाकवून तो पकडावा लागतो. दोघेही तक्रार करीत नाहीत, कारण ही तक्रार करण्याजोगी बाब आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. चाळीस माणसांना एकाच नंबरचे चष्मे वाटण्याची कल्पना ज्या कचेरीला क्षणभरही सुचणार नाही, तीच कचेरी चाळीस हातांना एकच उपकरण निःशंकपणे वाटते. माझे म्हणणे असे की, दिवसाचे सात-आठ तास ज्या उपकरणावर हात ठेवून माणसाने चाकरी करावयाची, ते त्याच्या हाताचे माप घेऊन, त्याच्या दुखण्याची जागा विचारून आणि त्याला ते काही दिवस वापरून पाहण्याची मुभा देऊन निवडले गेले पाहिजे, आणि त्याचा खर्च ज्याची चाकरी आहे त्याने सोसला पाहिजे.

हे मी तटस्थ निरीक्षक म्हणून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी कोशाच्या एका खंडाची शेवटची मुद्रिते पडद्यावर तपासण्याचे काम अंगावर आले, आणि पाच महिने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उजव्या हाताने ओळी निवडणे, त्या ओढून दुसरीकडे नेणे, टिपांच्या चौकटी उघडणे व मिटणे यांखेरीज मी दुसरे काही केले नाही. प्रथम कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्यापाशी, एक बारीक ठणका सुरू झाला, जो रविवारी विसावा आणि सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा रुजू व्हावा. मी बाम चोळला, पट्टा बांधला, आणि वयाचा परिणाम म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले. पुढे पावसाळ्यात एका रात्री जाग आली ती अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन मुंग्या येत असल्यामुळे. हात झटकला की बरे वाटे, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. सकाळी चहाची कपबशी उचलताना हातातून सुटली, तेव्हा मात्र मी घाबरलो. ज्याची उपजीविका अक्षरांवर आहे त्याला हात जाण्याची भीती कशी असते, हे ती वाटल्याखेरीज समजत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी मनगट वाकवून धरावयास लावले, नसेची विद्युत्-तपासणी करविली, मधुमेह व थायरॉइड यांची चौकशी केली (कारण हे दोन्ही विकार, आणि स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणही, या बधिरतेला पोषक ठरतात), आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी देऊन मला भौतिकोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठविले. त्या बाईंनी जे केले ते तोवर कोणीच केले नव्हते. त्यांनी व्यायाम सांगण्यापूर्वी मला म्हटले, “तुम्ही काम करताना कसे बसता, त्याचा एक फोटो घरच्या कोणाला तरी काढायला सांगा, समोरून नको, बाजूने आणि वरून.” दुसऱ्या खेपेस तो फोटो पाहून त्यांनी माझ्या हाताला नव्हे तर कीबोर्डला बोट लावले. “सर, आकड्यांची ही पट्टी तुम्ही दिवसातून किती वेळा वापरता?” मी विचार करून सांगितले की जवळजवळ कधीच नाही. “मग तिच्यासाठी तुमचा हात रोज आठ तास वीतभर लांब का ठेवता?”

त्या एका प्रश्नाने मला हाताच्या रचनेचा अभ्यास करावयास भाग पाडले, आणि जे समजले ते प्रत्येक कारकुनाला, लेखकाला व परिचालकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. मनगट हे आठ लहान हाडांचे कडबोळे आहे. ती हाडे तळाशी व दोन्ही बाजूंना कमानीसारखी रचलेली असून त्यांच्यावरून तळहाताच्या बाजूने एक चिवट अस्थिबंध ताणून बसविलेला असतो, आणि या अरुंद बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांच्या जोडीला एकच नस पंजात उतरते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना त्या नसेच्या हवाली असते. मनगट वरच्या बाजूला वाकले, किंवा बोटाने कळ दाबून धरून काही ओढावयाचे झाले, की त्या बोगद्यातील दाब वाढतो. दोऱ्या जाड असतात, त्या सोसतात, नस नाजूक असते, ती बधिर होऊन आपली तक्रार नोंदविते. करंगळी मात्र शाबूत राहते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने येते. बधिरता करंगळीत असेल तर दुखण्याचे मूळ बहुधा कोपरात किंवा मानेत शोधावे लागते, आणि या बोगद्यावर कितीही उपचार केले तरी ते व्यर्थ जातात.

कोपराची कथा निराळी. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे समांतर गेलेली असतात, पण ती समांतर राहतात तळहात आकाशाकडे असताना, आणि अंगठा आकाशाकडे असताना, म्हणजे आपण कोणाशी हस्तांदोलन करताना हात ज्या स्थितीत असतो त्या स्थितीतही, जवळजवळ तशीच असतात. तळहात जमिनीकडे वळविला की एक हाड दुसऱ्यावर तिरके चढते आणि भोवतालचे स्नायू पिळे पडल्यासारखे ताणले जातात. सपाट माऊसवर हात ठेवणे म्हणजे हा पीळ दिवसभर कायम ठेवणे होय. त्यात बोटे कळीवर नुसती टेकून, पण चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून किंचित उचलून धरावी लागतात. हे उचलून धरण्याचे काम करणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेले असतात, आणि माझा ठणका नेमका तेथेच होता. न हलणाऱ्या हातालाही श्रम होतात, ही गोष्ट हमालाच्या श्रमाची मोजदाद करणाऱ्या आपल्या मनाला पटावयास कठीण जाते, आणि म्हणूनच टेबलाशी बसलेल्या माणसाचे दुखणे लाडावलेल्या माणसाचे दुखणे ठरते.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील पादुआ येथे अध्यापन करणारे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी निरनिराळ्या व्यवसायांतून उद्भवणाऱ्या रोगांवर १७०० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांना स्वतंत्र प्रकरण दिले, आणि त्यांच्या व्याधींची तीन कारणे सांगितली: अखंड बैठक, हाताची एकाच तऱ्हेची अविरत हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. तीन शतकांपूर्वीच्या त्या वाक्यात आजच्या संगणक परिचालकाचे वर्णन संपूर्ण सामावते. त्याच प्रकरणात त्यांनी आपल्या परिचयाच्या एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. जन्मभर लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, त्याने मोठ्या निर्धाराने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, आणि थोड्याच काळात डाव्या हातालाही तोच विकार जडला. नवे उपकरण घेतले की दुखणे गेले असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि पुढे मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आपल्याकडेही लेखणीच्या निवडीचा विचार परका नव्हता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास समर्थांनी लेखनक्रियेला वाहिला, आणि त्यात अक्षराच्या वळणाबरोबर बोरू, शाई, कागद, सुरी या साहित्याचाही तपशिलाने विचार केला. अध्यात्माचा एवढा मोठा ग्रंथ रचणाऱ्या पुरुषाला बोरू कसा असावा हे सांगणे क्षुल्लक वाटले नाही. पुढे पेशव्यांच्या दफ्तरात मोडीचे खर्डे आणि रुमाल ज्यांनी लिहून काढले त्या कारकुनांपैकी प्रत्येकजण आपला बोरू आपल्या हाताच्या धरणीप्रमाणे तासून घेऊ शकत होता. तो बोथट झाला तर पुन्हा तासण्याची सुरी त्याच्याजवळ होती. साहित्य सरकारचे असले तरी त्याचे टोक लिहिणाराच्या हाताने घडलेले असे. संगणकाबरोबर जे अनेक लाभ आले त्यांच्या मोबदल्यात आपण हा एक अधिकार न कळत सोडून दिला.

माऊसच्या जन्मकथेतही एक गोष्ट विसरली गेली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास जो पहिला माऊस बनविला तो लाकडी ठोकळ्याचा होता. खाली दोन चाके, वर एक कळ. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या सभेत एंगेलबार्ट यांनी माऊस लोकांपुढे चालवून दाखविला, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कळफलक होता, ज्यावर सूर दाबावेत तशा कळा एकत्र दाबून आज्ञा देता येत. म्हणजे मूळ योजनेत श्रमाची वाटणी दोन हातांत झालेली होती. १९८४ साली मॅकिंटॉश संगणकाबरोबर माऊस सर्वसामान्यांच्या टेबलावर पोहोचला तोवर डाव्या हाताचे ते साधन मागे पडले होते, आणि दाखविण्याचा, निवडण्याचा व ओढण्याचा सगळा भार एकट्या उजव्या हातावर आला. हाताखाली गोळा फिरवून चालविण्याचे साधन तर माऊसहूनही जुने. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या आरमारासाठी बनविलेल्या एका यंत्रात त्यासाठी खेळातला बोलिंगचा चेंडू वापरला होता. तेव्हा ज्याला आज आपण ‘नेहमीचा माऊस’ म्हणतो तो हाताच्या शरीररचनेतून निष्पन्न झालेला नाही. अनेक पर्यायांपैकी स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून तो रूढ झाला.

आता निवडीविषयी. बाजारात सुखकर म्हणून विकल्या जाणाऱ्या माऊसची किंमत काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते, आणि सर्वांच्या जाहिरातीत वेदनामुक्तीचे एकच आश्वासन असते. ग्राहक किंमत व चित्र पाहून निवड करतो. माझ्या मते निवडीचा आरंभ दुकानात न होता दुखण्याच्या जागेपाशी झाला पाहिजे.

ज्याला कोपराखालचा हात व कोपराची बाहेरची बाजू दुखते, त्याने उभा माऊस पाहावा. त्यात तळहात जमिनीकडे न राहता आतल्या बाजूला वळतो, अंगठा वर राहतो, आणि मघाशी सांगितलेला दोन हाडांचा पीळ बराचसा सुटतो. पण येथेही माप आहेच. उभा माऊस हाताहून मोठा असेल तर बोटे कळांपर्यंत पोहोचत नाहीत आणि माणूस तो कवटाळून धरतो. लहान असेल तर करंगळी टेबलावर घासत राहते. कळ आडव्या दिशेने दाबली जात असल्यामुळे माऊस सरकू नये म्हणून अंगठ्याने उलट दाब द्यावा लागतो, म्हणून कळा हलक्या हाताने दबणाऱ्या असाव्यात. पहिले आठ-दहा दिवस बाण हव्या त्या जागी बसत नाही, माणूस वैतागतो आणि जुना माऊस परत काढतो. तेवढे दिवस कामाची गती मंदावली तरी चालेल अशी मोकळीक वरिष्ठांनी द्यावयास हवी. ज्या ताईंचा मी उल्लेख केला त्यांना आधी जो उभा माऊस मिळाला तो आकाराने थोर होता, आणि आठवड्याभरात त्यांचे दुखणे कमी न होता अंगठ्याच्या बुडाशी सरकले. उपकरणाचा प्रकार बरोबर होता, माप चुकले होते. बाजारात लहान हातांसाठी आणि डाव्या हातासाठी घडविलेले उभे माऊस मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात. घाऊक खरेदीच्या यादीत ते आपण होऊन येत नाहीत.

ज्याचा खांदा व मान भरून येते त्याला उभ्या माऊसने फारसा गुण येत नाही, कारण त्याचे दुखणे हात किती लांब जातो यात आहे. आकड्यांच्या पट्टीसह येणारा कीबोर्ड सुमारे ४४ सेंटिमीटर रुंद असतो, आणि ती पट्टी नसलेला सुमारे ३६. तेवढ्या आठ सेंटिमीटरांनी माऊस शरीराजवळ येतो, दंड बरगडीलगत राहतो आणि खांद्याचे स्नायू दिवसभर हात तोलून धरण्यातून मोकळे होतात. ज्यांना आकड्यांची पट्टी खरोखर लागते, बँकेतील रोखपाल किंवा लेखापाल यांच्यासारखे, त्यांनी ती सुटी घेऊन डाव्या बाजूला ठेवावी, अगर माऊसच डाव्या हाती द्यावा. कीबोर्डच्या पुढ्यात, दोन्ही हातांच्या मधोमध बसणारी फिरती दांडी हाही एक पर्याय आहे. ती महाग असते, पण तिच्यासाठी हात कोठेही न्यावाच लागत नाही.

गोळा फिरविण्याच्या साधनाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत करू नये. एकात गोळा बाजूला असून तो अंगठ्याने फिरवितात. दुसऱ्यात तो मध्यभागी, मोठा असून बोटांनी फिरवितात. दोन्हींत मनगट व कोपर स्थिर राहतात, टेबलावर जागाही थोडी लागते. पण ज्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते, त्याने अंगठ्याचा प्रकार घेतला तर तो रोगाला खतपाणी घालील. मोबाइलवर दिवसभर अंगठ्याने लिहिणाऱ्या पिढीला हे सांगणे अगत्याचे आहे.

आणि ज्याची बोटे रात्री बधिर होतात, त्याने कोणताही माऊस घेण्यापूर्वी डॉक्टरांना हात दाखवावा. नस दीर्घकाळ दबली तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग वाळू लागतो, आणि तेथून मागे फिरणे कठीण असते. त्या अवस्थेत उपकरणाच्या निवडीत महिने घालविणे हे अपायकारक आहे.

पैसे न लागणाऱ्या काही गोष्टी मी येथे घाईने सांगतो, कारण त्या सर्वांच्या आवाक्यातल्या आहेत. बाणाची गती वाढविली की हात कमी फिरवावा लागतो. कळ दाबून धरण्याऐवजी ती एकदा दाबून अडकवून ठेवण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ओढण्याचे काम ज्यांना फार पडते त्यांनी ती चालू करावी. मनगटाखाली घ्यावयाची मऊ गादी ही विश्रांतीच्या वेळी तळहाताच्या बुडाला टेकण्यासाठी असते. तिच्यावर मनगट दाबून माऊस फिरविला तर ज्या बोगद्याला जपावयाचे त्याच्यावरच भार पडतो. आपल्या कचेऱ्यांतील टेबले बहुधा ७५ सेंटिमीटर उंच असतात; बेताच्या उंचीच्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, त्यावर हात ठेवण्यासाठी खांदे उचलावे लागतात, तेव्हा खुर्ची उंच करून पायाखाली पाट घ्यावा. नक्कल करणे, चिकटविणे, साठविणे यांसाठी कीबोर्डच्या कळा शिकाव्यात. माऊस जितका कमी वापरावा लागेल तितका तो सुखकर.

येथे एक कबुली दिली पाहिजे, कारण ज्या गोष्टीचा पुरस्कार करावयाचा तिच्या मर्यादा लपविणे मला प्रशस्त वाटत नाही. उभ्या माऊसने मनगटाच्या नसेचा विकार बरा होतो असे म्हणण्याइतका शास्त्रीय पुरावा नाही. डेन्मार्कमधील सुमारे सात हजार तंत्रकर्मचाऱ्यांचा वर्षभर मागोवा घेऊन २००३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात संगणकाच्या वापराने या विकाराचा मोठा धोका संभवत नाही, असा निष्कर्ष निघाला. आठवड्याला २० तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत मात्र त्याची लक्षणे अधिक आढळली. हाताला आधार आणि निराळा माऊस यांचा एकत्रित उपयोग मान-खांद्याच्या दुखण्याला कितपत होतो, याविषयीचे प्रयोगही एका मुखाने बोलत नाहीत. मला यातून उलट निष्कर्ष दिसतो. एकच उपकरण सर्वांना गुण देत नाही याचा अर्थ उपकरणाची निवड निरर्थक आहे असा होत नाही. ज्याचा हात त्याने वापरून, पारखून ठरविल्याखेरीज ती करताच येत नाही, असा होतो. रामाझ्झिनींच्या त्या लेखनिकाचा डावा हातही गेला, याचे कारण त्याने हात बदलला, पण तास बदलले नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे हात मोकळे करणे हे जर कामचुकारपणाच्या सदरात जमा होत असेल, तर जगातील सर्वोत्तम माऊसही त्या कचेरीत हरेल.

आणि हा प्रश्न कचेरीचा आहे, व्यक्तीचा नाही, हे मला आग्रहाने मांडावयाचे आहे. युरोपीय समुदायाने १९९० साली पडद्यावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी निर्देश काढला, आणि ब्रिटनने १९९२ साली त्याला धरून नियम केले. त्यांनुसार कर्मचाऱ्याची बैठक, टेबल व उपकरणे तपासून दोष काढणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. आपल्याकडे कामगारहिताचे कायदे आहेत, पण त्यांचा साचा ज्या काळात घडला त्या काळात धोका म्हणजे पट्ट्यात सापडणारा हात किंवा भट्टीची धग अशीच प्रतिमा डोळ्यांपुढे होती; पडद्यापुढे शांतपणे बसून झिजणारा हात त्या प्रतिमेत बसत नाही. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात दाखले काढून देणारा परिचालक, सहकारी पतसंस्थेतील लेखनिक, वृत्तपत्राची पाने रात्री एकपर्यंत लावणारा जुळारी, या सर्वांचे काम आज माऊसवाचून क्षणभर चालत नाही. त्यांतील कित्येकजण कंत्राटी किंवा मानधनावर आहेत. हात दुखला म्हणून रजा घेतली तर त्या दिवसाचे पैसे जातात, आणि म्हणून ते हात बांधून कामावर येतात. अशा माणसाला चार हजारांचा माऊस स्वतःच्या खिशातून घे असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

यावर लेखापरीक्षणाची हरकत पुढे केली जाते: एकाला साडेतीनशेचा आणि दुसऱ्याला चार हजारांचा का, असा शेरा येईल. मी भांडारपालांना विचारले की, एकाच कचेरीत बुटक्या शिपायाला आणि उंच शिपायाला एकाच मापाचा गणवेश शिवला जातो काय, तेव्हा ते म्हणाले, “छे, शिंपी माप घेतो ना.” म्हणजे माप घेण्याची रीत दफ्तराला अपरिचित नाही, ती हातापर्यंत पोहोचलेली नाही एवढेच. मी सुचविलेली तजवीज साधी आहे. प्रत्येक कचेरीने एका कपाटात सहा-सात प्रकारचे माऊस, लहान व थोर, उजवे व डावे, ठेवावेत. ज्याला दुखणे आहे त्याने त्यांतील एकेक दोन-दोन आठवडे पोचपावतीवर न्यावा, जो मानवेल त्याची मागणी नोंदवावी, आणि खरेदी त्यानंतर व्हावी. त्या कपाटाचा सगळा खर्च एका माणसाच्या महिन्याभराच्या पगारापेक्षा कमी येतो, आणि आमच्या कचेरीत माझ्या एकट्याच्या आजारपणाने कोशाचा एक खंड दोन महिने रखडला होता.

माझा हात आज पूर्वीसारखा आहे असे म्हणता येणार नाही, पण रात्री झोप लागते. आकड्यांची पट्टी नसलेला कीबोर्ड, मोठ्या गोळ्याचे बोटांनी फिरविण्याचे साधन, आणि पाऊण तासाला वाजणारे घड्याळ एवढ्यावर माझे भागले; उभा माऊस मी दोन आठवडे वापरून परत केला, तो आता नकाशे काढणाऱ्या सहकाऱ्याकडे आहे आणि त्याला मानवला आहे. ताई सकाळी उजव्या हाताने आणि दुपारनंतर डाव्या हाताने, त्या त्या हातासाठी घडविलेला लहान आकाराचा उभा माऊस चालवितात. यंदाच्या मागणीपत्रकाचा मसुदा भांडारपालांनी माझ्याकडे पाहावयास पाठविला, तेव्हा मी ‘वस्तू’, ‘नग’ आणि ‘दर’ या रकान्यांच्या मध्ये ‘हाताचे माप, सें. मी.’ असा एक रकाना आखून तो परत केला. त्यांनी तो खोडला नाही. गेल्या सोमवारपासून त्यांच्या टेबलावर शिंप्याची फीत ठेवलेली आहे. आजपर्यंत अकरा जण माप देऊन गेले आहेत, आणि एकोणतीस रकाने अजून रिकामे आहेत.